फिरत्या वस्तुमानांचा समतोल

ओतशाळेतून आलेले बिडाचे चाक लेथवर कितीही काळजीपूर्वक कातले, त्याचा परीघ सूक्ष्ममापीने तपासून निर्दोष ठरवला आणि चावी ठोकून ते शाफ्टवर घट्ट बसवले, तरी त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षावर तंतोतंत आला आहे अशी हमी जगातील कोणताही कारागीर देऊ शकत नाही. कारण ओतीव धातूच्या पोटात कुठेतरी हवेची पोकळी राहून गेलेली असते, एका अंगाची जाडी दुसऱ्यापेक्षा किंचित अधिक असते, चावीच्या खाचेपुरता धातू एकाच बाजूने निघून गेलेला असतो, आणि या साऱ्या लहानसहान तफावतींची बेरीज होऊन चाकाची एक बाजू जड ठरतेच. चाक स्थिर आहे तोवर या जडपणाची कोणाला दखलही घ्यावी लागत नाही. ते फिरू लागले म्हणजे मात्र त्याच क्षुल्लक तफावतीची तक्रार बेअरिंगपासून पायाच्या काँक्रीटपर्यंत सर्वत्र पोहोचते.

असे का व्हावे, याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक कणाला सरळ रेषेत निसटून जायचे असते, आणि त्याला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी शाफ्टला तो सतत आत ओढावा लागतो. या ओढीची प्रतिक्रिया, जिला आपण व्यवहारात केंद्रोत्सारी बल म्हणतो, ती बेअरिंगांना सोसावी लागते. हे बल वस्तुमानाच्या व त्रिज्येच्या प्रमाणात वाढते, परंतु वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि सारा अनर्थ या वर्गात साठवलेला आहे. एखाद्या पंख्याच्या चक्रात अक्षापासून ३०० मिलिमीटर अंतरावर १०० ग्रॅम वजन जादा आहे असे धरले, तर मिनिटाला १,५०० फेरे होत असताना ते सुमारे ७५ किलो वजनाइतक्या जोराने शाफ्टला बाहेर खेचते, आणि या खेचीची दिशा सेकंदाला २५ वेळा संपूर्ण वर्तुळ फिरून येते. वेग दुप्पट केला की तेच १०० ग्रॅम सुमारे ३०० किलोंचा जोर लावतात. बेअरिंगे वेळेआधी का झिजतात, पायाचे बोल्ट का सैल होतात, धातूला थकवा येऊन शाफ्टला तडा का जातो, या प्रश्नांची उत्तरे शोधताना बहुधा प्रथम याच बाबीकडे पाहावे लागते.

जड बाजू ओळखण्याची सर्वांत जुनी रीत आजही लहान कारखान्यांतून चालते. पाणसळीत बसवलेल्या दोन समांतर, कठीण पोलादी क्षुरधारांवर शाफ्टची दोन टोके ठेवून चाक मोकळे सोडले, म्हणजे ते थोडे इकडेतिकडे लोळून जड बाजू खाली करून थांबते. मग वरच्या बाजूस मेणाचा गोळा चिकटवावा, तो कमीअधिक करावा, आणि चाक कोणत्याही स्थितीत ठेवले तरी तिथेच राहू लागले म्हणजे मेणाच्या वजनाइतका धातू वर जोडावा किंवा तेवढाच खालून भोक पाडून काढावा. पातळ चाकासाठी, सहाणेच्या दगडासाठी, एवढा स्थैतिक समतोल पुरतो. लांब शाफ्टच्या बाबतीत मात्र ही परीक्षा फसवी ठरते. समजा, त्याच्या डाव्या टोकाशी वरच्या अंगाला आणि उजव्या टोकाशी खालच्या अंगाला अगदी सारखे जादा वजन आहे. क्षुरधारांवर हा शाफ्ट कसलीही कुरकुर न करता हवा तसा थांबतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य खरोखरच अक्षावर आहे. पण तो फिरू लागताच एक टोक वर आणि दुसरे खाली खेचले जाते, अर्ध्या फेऱ्यानंतर याच्या नेमके उलट घडते, आणि दोन समान व विरुद्ध बलांचे हे बलयुग्म शाफ्टला दोन्ही टोकांशी आळीपाळीने हिसके देत राहते. हा दोष स्थिर शाफ्टवर कधीही दिसत नाही. तो पाहण्यासाठी शाफ्ट फिरवावाच लागतो, आणि म्हणून त्याच्या निवारणाला गतिक समतोल असे म्हणतात.

या ठिकाणी यामिकीचा एक सिद्धांत अभियंत्याच्या मदतीला येतो, आणि तो मला या संपूर्ण विषयातील अत्यंत उदार सिद्धांत वाटतो. ताठ शाफ्टच्या लांबीभर, कितीही ठिकाणी, कोणत्याही कोनांत जादा वजने विखुरलेली असोत, त्या सर्वांचा एकत्रित परिणाम आपल्या सोयीने निवडलेल्या अवघ्या दोन प्रतलांतील दोन वजनांनी पूर्णपणे नाहीसा करता येतो. कारण असे की शाफ्टवर कुठेही लागणारे एक बल, तराजूच्या दांडीच्या न्यायाने, त्या दोन प्रतलांतील दोन समांतर बलांत विभागता येते. प्रत्येक दोषाची अशी विभागणी केली, प्रत्येक प्रतलातील वाटे दिशेसह मिळवले, की प्रत्येक प्रतलात एकच बाकी उरते, आणि त्या बाकीसमोर एक प्रतिभार ठेवला की मामला निकालात निघतो. दोष कुठे आहे हे शोधण्याची गरजच उरत नाही. डब्ल्यू. ई. डॅल्बी या लंडनच्या प्राध्यापकाने इंजिनांच्या समतोलावर लिहिलेला ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील आलेखपद्धती आजतागायत अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकवली जाते: अज्ञात वजनाचे एक प्रतल हेच संदर्भप्रतल मानायचे, म्हणजे त्याचे बलयुग्म शून्य होऊन हिशेबातून गळते, मग आधी बलयुग्मांचा आणि नंतर बलांचा बहुभुज काढायचा, आणि तो बंद करणारी बाजू म्हणजेच हव्या असलेल्या प्रतिभाराचे परिमाण व दिशा.

डॅल्बीच्या काळी या प्रश्नाची निकड सर्वांत जास्त होती ती आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांत. त्या इंजिनांच्या चाकांत आऱ्यांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराचा जो भरीव लोखंडी भाग दिसतो तो प्रतिभारच होय. चाकाबरोबर फिरणाऱ्या वजनांचा त्याने पुरता बंदोबस्त होतो. मागेपुढे सरकणाऱ्या दट्ट्याचा अंशतःच होतो, आणि त्यासाठी घातलेले जास्तीचे वजन प्रत्येक फेऱ्यात रुळावर घणासारखा आघात करते, म्हणून दट्ट्याच्या हिश्श्याचे किती वजन तोलायचे याची तडजोड मुक्रर करावी लागत असे.

यंत्र कारखान्यातून तोल साधून आले म्हणजे काम संपले असेही नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरमागे धूर खेचून घेणारा जो मोठा पंखा असतो, त्याच्या पात्यांवर बगॅसची राख साचते, ती कधी एका बाजूची खपली होऊन निघते, राखेतील वाळूने पाती असमान झिजतात, आणि गळीत हंगाम ऐन भरात असताना पंखा थरथरू लागतो. पंखा उतरवून दुसरीकडे पाठवणे तेव्हा अशक्य असते. अशा वेळी कंपनमापक आणि कागद यांच्या साह्याने जागच्या जागी तोल साधण्याची एक रीत आहे. पात्यांचे वर्तुळ तीन समान भागांत वाटून त्यांवर १, २, ३ अशा खुणा करायच्या. प्रथम पंखा आहे तसा चालवून बेअरिंगवरचे कंपन मोजायचे. समजा ते सेकंदाला १० मिलिमीटर भरले. मग पंखा बंद करून, ६० ग्रॅमचे एक परीक्षणवजन पहिल्या खुणेवर पक्के करायचे आणि तितक्याच वेगाने पुन्हा चालवायचे. नंतर तेच वजन दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेवर. समजा, या तीन फेऱ्यांत कंपने अनुक्रमे ६.६, १०.७ आणि १५.८ अशी आली. आता कागदावर १० एकक त्रिज्येचे वर्तुळ काढावे, त्यावर तीन खुणांच्या जागी तीन बिंदू घ्यावेत, आणि प्रत्येक बिंदूभोवती त्या त्या फेरीतील कंपनाइतक्या त्रिज्येचा कंस मारावा. तिन्ही कंस एकाच बिंदूत छेदतात. मध्यापासून त्या बिंदूचे अंतर ६ एकक भरते, म्हणजे ६० ग्रॅम वजनाचा परिणाम ६ होतो, तेव्हा १० चे निवारण करण्यास १०० ग्रॅम हवेत. आणि बिंदूची दिशा पहिल्या खुणेपासून दुसरीकडे ४० अंशांवर येते, म्हणून वजन तिथेच जोडायचे. तिन्ही कंस एकत्र मिळाले नाहीत, तर कंपनाचे मूळ असमतोलात नसून सैल पायात किंवा वाकड्या जोडणीत असण्याचा संभव असतो, आणि वजने जोडत बसण्याऐवजी तिकडे लक्ष द्यावे लागते. चार वेळा पंखा चालवणे, एक कंपास आणि एक कोनमापक यांवर हजारो रुपयांची बेअरिंगे वाचतात, हे पाहिले की भूमितीविषयीचा आदर वाढल्यावाचून राहत नाही.

आतापर्यंत शाफ्ट ताठ आहे असे आपण धरून चाललो. वास्तविक प्रत्येक शाफ्ट थोडा तरी वाकतो, आणि केंद्रोत्सारी बलाने तो वाकला की जड बाजू अक्षापासून आणखी दूर जाते, म्हणून बल वाढते, म्हणून शाफ्ट आणखी वाकतो. एका विशिष्ट वेगाला हे चक्र आटोक्याबाहेर जाते. त्या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी १८६९ साली या प्रश्नाचा विचार केला आणि क्रांतिक वेगापलीकडे कोणताही शाफ्ट स्थिरपणे चालू शकणार नाही असा निष्कर्ष काढला. रँकिन यांचा अधिकार इतका मोठा होता की हा निष्कर्ष पुष्कळ काळ नियमासारखा मानला गेला. त्यांच्या समीकरणांत, फिरत्या चौकटीतून पाहताना विचारात घ्यावा लागणारा एक परिणाम वगळला गेला होता, हे पुढे उघड झाले.

ते उघड करण्याचे पहिले श्रेय स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांच्याकडे जाते. दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्राचे जनक म्हणून ते आधीच ख्यातनाम होते. त्यांच्या वाफेच्या टर्बाइनमध्ये एकाच चक्रावर अतिवेगाने येणारी वाफ आदळत असल्यामुळे चक्राला मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरणे भाग होते, आणि या वेगाला १०० मिलिमीटर त्रिज्येवरचा अवघा १ ग्रॅम सुमारे १०० किलोंचा जोर लावतो. कोणीही शाफ्ट अधिक जाड करण्याचा विचार केला असता. द लावाल यांनी तो मुद्दाम बारीक आणि लवचीक केला, क्रांतिक वेग त्यामुळे खूप खाली आला, आणि चक्र तो ओलांडून पलीकडे गेले, तेव्हा कंपन वाढण्याऐवजी शमले. १८८९ सालच्या सुमारास हे प्रत्यक्ष घडत होते. त्याचे गणित म्युनिकच्या ऑगस्ट फॉपल यांनी १८९५ मध्ये मांडले, आणि त्याची फारशी वार्ता इंग्रजी वाचकांत न पोहोचल्यामुळे जेफकॉट या आयरिश अभियंत्याने १९१९ साली तेच स्वतंत्रपणे सिद्ध केले. क्रांतिक वेगाखाली शाफ्टचा बाक आणि चक्राची जड बाजू एकाच दिशेला असतात; क्रांतिक वेगाला त्या दोहोंत काटकोन होतो; आणि तो ओलांडल्यावर जड बाजू बाकाच्या विरुद्ध, म्हणजे आतल्या अंगाला येते. वेग जसजसा आणखी वाढतो तसतसा शाफ्ट नेमका इतका वाकतो की चक्राचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षावर येऊन बसू लागतो. बळजबरीने धरून ठेवलेले चक्र आयुष्यभर ओढाताण करते. मोकळीक दिलेले चक्र आपला मध्य आपण शोधते. यंत्रविद्येच्या इतिहासात इतके अनपेक्षित आणि इतके सुंदर सत्य मला तरी दुसरे चटकन आठवत नाही.

या सत्याचा उपयोग महाराष्ट्रातील प्रत्येक साखर कारखान्यात रोज होतो. साखरेचे दाणे आणि मळी यांचे घट्ट मिश्रण ज्या जाळीदार पिंपात घालून वेगाने फिरवतात, त्यात माल दर वेळी थोडा वेगळ्या तऱ्हेने पसरतो, तेव्हा कोणताही प्रतिभार आगाऊ ठरवता येणे शक्यच नसते. म्हणून हे पिंप खालून घट्ट न बसवता उभ्या शाफ्टच्या खालच्या टोकाला टांगलेले असते, आणि शाफ्टच्या माथ्याचे बेअरिंग रबरी गादीत बसवून त्याला थोडे झुलण्याची मुभा ठेवलेली असते. वेग घेताना पिंप काही क्षण जोराने हेलकावते, मग क्रांतिक वेग मागे पडतो आणि ते स्थिर होऊन फिरू लागते, मळी जाळीतून बाहेर पडते आणि पांढरे दाणे आत राहतात.

चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रातील ५०० मेगावॉटच्या संचात हे सारे प्रश्न एकत्र येतात. आपल्या विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असल्यामुळे असा संच मिनिटाला ३,००० फेरे करतो, आणि तिथवर पोहोचताना त्याला क्रांतिक वेग ओलांडावे लागतात. त्या वेगांच्या आसपास रेंगाळू नये असा चालकांचा शिरस्ता असतो. अशा टर्बाइनच्या चक्रमालेसाठी रूढ असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रतीनुसार गुरुत्वमध्य अक्षापासून सुमारे ८ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढाच, ढळलेला चालतो. साध्या पंख्यांना आणि पंपांना त्याच वेगाला २० मायक्रॉनांची सवलत असते. इतका सूक्ष्म तोल साधल्यावरही तो संच बंद झाल्याबरोबर निश्चल सोडता येत नाही, कारण तापलेल्या कवचात वरची हवा खालच्या हवेपेक्षा उष्ण राहते, शाफ्टचा वरचा भाग अधिक प्रसरण पावतो आणि सारा शाफ्ट धनुष्याकृती होऊन बसतो. म्हणून वाफ तोडल्यानंतरही एक लहान मोटर दात्यांच्या साह्याने तो प्रचंड शाफ्ट अगदी संथपणे फिरवत ठेवते, आणि पोलाद पुरेसे निवेपर्यंत तिला विश्रांती दिली जात नाही.