मोटारगाडी धुतल्यानंतर कोरडी करणे

मोटारगाडी धुतल्यानंतर तिच्या पृष्ठभागावर, काचांवर व सांध्यांत राहिलेले पाणी पुसून, शोषून किंवा हवेच्या झोताने उडवून काढण्याच्या क्रियेस गाडी कोरडी करणे असे म्हणतात. गाडी धुण्याच्या कामातील हा शेवटचा टप्पा होय. वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. तथापि गाडीच्या रंगावर दिसणारे पांढरे डाग आणि बारीक ओरखडे बहुधा याच टप्प्यावरील दुर्लक्षामुळे किंवा चुकीच्या साधनांमुळे निर्माण होतात.

कोरडी करण्याची आवश्यकता

नळाचे, विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी शुद्ध नसते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. असे क्षार जास्त प्रमाणात असलेल्या पाण्यास दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाचा फेस सहज होत नाही. गाडीवरील थेंब आपोआप वाळला की पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा साका, पृष्ठभागावर बसतो.

भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या कठीणतेची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. समजा, धुतलेल्या गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिले आणि त्याची कठीणता लिटरला ३०० मिलिग्रॅम असली, तर ते पाणी वाळल्यावर सुमारे १५० मिलिग्रॅम साका गाडीवर शिल्लक राहील. पिण्यास योग्य असलेले पाणीही गाडीवर डाग पाडू शकते, ते यामुळेच.

हा साका थेंबाच्या जागेवर सारखा पसरत नाही. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन अधिक वेगाने होते, त्यामुळे थेंबातील पाणी मध्यातून कडेकडे वाहत राहते व विरघळलेले पदार्थ कडेला साचतात. सांडलेली कॉफी वाळल्यावर तिची कड जशी गडद दिसते, तसेच हे घडते. म्हणून पाण्याचे डाग बहुधा कड्याच्या आकाराचे असतात. गडद रंगाच्या गाडीवर ते अधिक ठळक दिसतात.

रंगाच्या थरांची रचना

आधुनिक गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. चकाकी या शेवटच्या थरामुळे येते. त्याची जाडी सर्वसाधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बहुधा कमी असते.

रस्त्यावरील धुळीत गारगोटीचे (क्वार्ट्झचे) कण असतात. मोहस् श्रेणीवर गारगोटीची कठीणता ७ असून क्लिअर कोट तिच्या तुलनेत बराच मऊ असतो. असा एखादा कण फडक्याखाली सापडून दाबाने फिरला, तर तो क्लिअर कोटवर रेघ उमटवतो. अशा असंख्य रेघांवर ऊन पडले की प्रकाशाच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. हे ओरखडे घालवण्यासाठी पॉलिश करावे लागते आणि प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोट थोडा झिजतो. गेलेला थर परत येत नाही.

साधने

मायक्रोफायबरचा टॉवेल: एक डेनियरपेक्षा बारीक तंतूंना मायक्रोफायबर म्हणतात. ९,००० मीटर लांबीच्या तंतूचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. जपानमधील तोरे कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांच्या संशोधनातून १९७० मध्ये अतिसूक्ष्म तंतूंचे कापड व्यापारी स्वरूपात तयार झाले. टॉवेलमधील तंतू पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांचे असतात. त्यांच्यामधील सूक्ष्म फटींत केशाकर्षणाने पाणी ओढले जाते. टॉवेलची जाडी दर चौरस मीटरला किती ग्रॅम (जी.एस.एम.) यावरून सांगितली जाते. वॉफल विणीचा, म्हणजे चौकोनी खळग्यांचा टॉवेल काचांसाठी सोयीचा असतो, तर पिळलेल्या धाग्यांच्या लांब फासांचा जाड टॉवेल मोठे पृष्ठभाग लवकर कोरडे करतो.

शॅमॉय: युरोपातील आल्प्स पर्वतात आढळणाऱ्या शॅमॉय या शेळीसदृश प्राण्यावरून हे नाव पडले. पुढे हे कातडे मुख्यतः मेंढीच्या चामड्यापासून माशाच्या तेलाने कमावून तयार होऊ लागले. ते पाणी चांगले शोषते, परंतु सपाट असल्याने धुळीचा कण त्याच्या आत न जाता पृष्ठभागावरच घासला जातो. बाजारात मिळणारे कृत्रिम शॅमॉय बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे असते. दोन्ही प्रकार वाळल्यावर कडक होतात. म्हणून ते आधी भिजवून व पिळून मगच वापरावे लागतात.

रबरी पात्याचा वायपर: हा काचेवर उपयुक्त आहे. रंगावर मात्र पात्याखाली एकच कण अडकला तरी लांबच लांब रेघ पडते.

हवेचा झोत: ब्लोअरमुळे पृष्ठभागास स्पर्श न करता पाणी उडवता येते. आरसे, दारांचे दांडे, दिव्यांच्या कडा, चाकांचे नट अशा फडके न पोहोचणाऱ्या जागांसाठी ही पद्धत उत्तम मानली जाते. जमिनीवरील धूळ उडून ओल्या गाडीवर बसणार नाही याची काळजी घ्यावी लागते. टायरच्या दुकानातील कंप्रेसरच्या हवेत तेलाचे व पाण्याचे सूक्ष्म थेंब असू शकतात, त्यामुळे गाळणी नसल्यास ती हवा रंगावर मारणे टाळतात.

सुती फडके: जुना पंचा, बनियन किंवा धोतराचा तुकडा पाणी शोषतो. मात्र त्यावरील शिवण, गुंडी वा कडक काठ रंगास इजा करतो. नवे सुती कापड खळ असल्यामुळे पाणी नीट टिपत नाही.

पद्धती

गाडी सावलीत उभी करून, बॉनेट थंड झाल्यावर धुतली जाते. तापलेल्या पत्र्यावर पाणी पुसण्यापूर्वीच वाळते.

अखेरचे पाणी नळीचे तोंड न दाबता, वरून संथ धारेने सोडतात. अशा वेळी थेंब वेगवेगळे न राहता पाण्याचा सलग पडदा तयार होतो व तो बरेचसे पाणी आपल्याबरोबर खाली ओढून नेतो. पुसण्याचे काम त्यामुळे पुष्कळ कमी होते.

पुसण्याचा क्रम वरून खाली असतो: प्रथम टप, मग काचा, बॉनेट व डिकी, त्यानंतर दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग. चाकांजवळील भागात चिखल व ब्रेकची भुकटी अधिक असल्याने त्यासाठी वेगळे फडके ठेवतात. टॉवेल गोल गोल न घासता पसरून हलकेच ओढतात किंवा टिपकागदासारखा दाबून उचलतात. टॉवेल जमिनीवर पडल्यास तो पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नये. शेवटी दारे व डिकी उघडून चौकटी आणि रबरी पट्ट्या पुसतात.

मायक्रोफायबरचे टॉवेल धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरत नाहीत. त्याचा लेप तंतूंवर बसून शोषणशक्ती कमी होते.

ब्रेक व सांधे

दारांच्या खालच्या कडेस पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती मातीने बुजल्यास पाणी दाराच्या आत साचून पत्रा आतून गंजतो आणि बाहेरून दिसेपर्यंत बरीच हानी झालेली असते.

ओल्या ब्रेकची पकड तात्पुरती कमी होऊ शकते. त्यामुळे धुतल्यावर मोकळ्या जागी गाडी सावकाश चालवून ब्रेक काही वेळा हलके दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने डिस्क कोरडी होते व तिच्यावर आलेला गंजाचा पातळ थरही निघतो. ओल्या अवस्थेत हँडब्रेक लावून गाडी अनेक दिवस उभी ठेवल्यास ब्रेक चिकटण्याची शक्यता असते.

भारतातील परिस्थिती

भारतातील शहरांत अनेक गृहसंकुलांमध्ये पहाटे एक बादली व एका फडक्याने अनेक गाड्या पुसल्या जातात. एका गाडीची धूळ त्याच पाण्यातून दुसऱ्या गाडीवर जाते आणि ओरखडे पडतात. दोष पुसणाऱ्याच्या कष्टांत नसून साधनांच्या अपुरेपणात असतो. फडके खळबळण्यासाठी एक व स्वच्छ पाण्यासाठी एक अशा दोन बादल्या आणि दोन-तीन मऊ फडकी मालकाने पुरवली, तरी हानी बरीच टळते.

पाण्याची टंचाई हा दुसरा मुद्दा आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी वाहने धुण्यासाठी वापरण्यास मनाई करून उल्लंघनासाठी ५,००० रुपये दंड ठरवला. अनेक घरांत आर.ओ. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी गाडीसाठी साठवले जाते. ही बचत स्तुत्य आहे, परंतु या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. म्हणून ते पहिला चिखल काढण्यासाठी वापरून अखेरीस तांब्या-दोन तांबे साधे पाणी प्रत्येक भागावर ओतणे व लगेच पुसणे हा मार्ग योग्य ठरतो. साठवलेले पावसाचे पाणी क्षारांच्या दृष्टीने अधिक अनुकूल असते.

डाग पडल्यास

ताजे डाग ओल्या मऊ फडक्याने निघतात. बसलेल्या साक्यावर पाणी मिसळून सौम्य केलेला व्हिनेगर काही क्षण लावतात. त्यातील ॲसिटिक आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेटचे पाण्यात विरघळणाऱ्या कॅल्शियम ॲसिटेटमध्ये रूपांतर होते. त्यानंतर तो भाग भरपूर पाण्याने धुऊन कोरडा करावा लागतो. सिलिकाचे डाग व्हिनेगरने जात नाहीत. दीर्घकाळ राहिलेल्या डागांनी क्लिअर कोटमध्ये खळगा पडला असेल, तर पॉलिशशिवाय उपाय उरत नाही.

हे सुद्धा पहा

दुष्फेन पाणी
केशाकर्षण
गंजणे
बाष्पीभवन