आंतरव्यावसायिक आरोग्यशिक्षणात सिद्धांताचे स्थान

वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, आहारशास्त्र व समाजकार्य या शाखांचे विद्यार्थी वर्षानुवर्षे स्वतंत्रपणे शिकतात आणि नोकरी लागताच त्यांनी एका पथकाप्रमाणे काम करावे, अशी अपेक्षा केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली मांडलेल्या आराखड्यानुसार दोन वा अधिक व्यवसायांतील व्यक्ती एकमेकांविषयी, एकमेकांकडून व एकमेकांसह शिकतात तेव्हाच त्यास आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणता येते. एका सभागृहात एकच व्याख्यान ऐकणे या व्याख्येत बसत नाही. आपल्याकडील बहुतेक संयुक्त कार्यशाळा मात्र तेवढ्यावरच थांबतात.

प्रश्न केवळ शैक्षणिक नाही. डहाणू तालुक्याच्या पूर्व भागातील कमी वजनाच्या बालकाचे उदाहरण घेऊ. त्याचे वजन अंगणवाडी सेविका नोंदविते, घरभेटीस आशा जाते, तपासणी परिचारिका करते आणि उपचार वैद्यकीय अधिकारी ठरवितो. कुटुंब वीटभट्टीवर स्थलांतर करणार आहे हे बहुधा आशेलाच ठाऊक असते. ते सांगण्याचे धैर्य तिला झाले नाही, तर उपचाराची सर्व आखणी व्यर्थ ठरते.

हे धैर्य कशाने येते, याचा विचार करताना सिद्धांताची गरज भासते. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली दाखवून दिले की, भिन्न गटांचा नुसता संपर्क पूर्वग्रह दूर करीत नाही. त्यासाठी त्या प्रसंगापुरता तरी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि अधिकारस्थानाचा पाठिंबा असावा लागतो. डॉक्टर खुर्चीवर आणि आशा भिंतीशी उभी, अशी बैठक घेतली तर पूर्वग्रह दृढच होण्याचा संभव अधिक.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली सुरू केलेल्या जामखेड प्रकल्पाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे गावाने निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. प्रशिक्षणासाठी त्या नियमितपणे जामखेडला एकत्र येत आणि गावातील अनुभव मांडत. डॉक्टर व परिचारिकांचे फिरते पथक त्यांच्या गावी जाई. हा प्रकल्प ऑलपोर्टच्या अटी समोर ठेवून आखला होता, असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु त्या अटी लावून पाहिल्या म्हणजे अनुकरण कशाचे करावयाचे ते कळते. एरवी आपण तेथील वेळापत्रक उचलतो आणि दर्जाचा प्रश्न तिथेच सोडून येतो.

अर्थात ऑलपोर्टचा सिद्धांत वृत्तीविषयी बोलतो. कौशल्य कसे अंगी येते हे तो सांगत नाही. त्यासाठी जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांच्या 1991 सालच्या मांडणीकडे वळावे लागते. नवागत व्यक्ती प्रत्यक्ष कामाच्या परिघावरून सुरुवात करून हळूहळू केंद्राकडे सरकते, असे ते म्हणतात. त्यांच्या उदाहरणांत मेक्सिकोतील युकातान भागातील सुईणीही आहेत, ही बाब दाईंची परंपरा परिचित असलेल्या वाचकास विशेष वाटावी.

कोणता सिद्धांत स्वीकारला यावर मूल्यमापनही अवलंबून राहते. पहिला स्वीकारल्यास एकमेकांविषयीची मते अभ्यासक्रमाच्या आधी व नंतर तपासावी लागतील. दुसरा स्वीकारल्यास समारोपाची अभिप्राय-पत्रिका निरुपयोगी ठरते. तेथे विद्यार्थ्यांसोबत पाड्यावर जाऊन, त्या बालकाविषयीच्या चर्चेत आशेचे म्हणणे उपचाराच्या नोंदीत उतरले की नाही, हे पाहावे लागेल.