मदत करणाऱ्याला आधार देताना

पावसाळा सुरू झाला की लोणावळा-खंडाळ्याकडे पर्यटकांची रीघ लागते आणि त्याबरोबर अपघातही होतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील पूल कोसळून चौघांचा बळी गेला. अशा वेळी दोर घेऊन धावतात ती आपल्याच गावातली मुले. भुशीच्या शोधकार्यात ‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक होते. कुणी दुकानदार, कुणी नोकरदार. घरचे काम सोडून ही मंडळी पाण्यात उतरतात.

लहान मुलाचा मृतदेह बाहेर काढणाऱ्याच्या मनाचे काय होते? काही दिवस झोप लागत नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढे येते, जेवण जात नाही, चिडचिड होते. हा दुबळेपणा नव्हे. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. या काळात सर्वांत जवळचा आधार असतो तो पथकातल्या सोबत्याचा. मात्र आधार देणाऱ्याने काही मर्यादा पाळल्या, तरच तो दोघांच्याही उपयोगी पडतो.

पहिली मर्यादा म्हणजे बोलण्याची सक्ती नको. घटनेनंतर लगेच सर्वांना बसवून बारीकसारीक तपशील बोलायला लावण्याची पद्धत पूर्वी बरीच रूढ होती. तिचा फायदा होत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो, असे अभ्यासांतून दिसले. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती सुचवत नाही. “आता बोलायचं नसेल तर राहू दे. उद्या संध्याकाळी चहाला येतो,” एवढे पुरे. तो बोलू लागला तर ऐकून घ्या. “मी तर याहून भयंकर पाहिलंय,” असे म्हणू नका.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. लहान गावात टपरीवर निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. सोबत्याने विश्वासाने सांगितलेले पथकातही बोलू नये. परंतु “कुणालाच सांगणार नाही” अशी शपथही घेऊ नये. जीव देण्याची भाषा आली, तर घरच्यांना व डॉक्टरांना सांगावेच लागेल, हे त्याला आधीच मोकळेपणाने सांगा. अशा वेळी त्याला एकटे सोडू नका.

तिसरी मर्यादा स्वतःच्या शक्तीची. आधार देणाराही त्याच दरीत उतरलेला असतो. रात्री-अपरात्री येणारा प्रत्येक फोन घेतला तर तोही आजारी पडेल. “रात्री आठ ते नऊ मी तुझ्यासाठी मोकळा आहे, नंतर मला झोपायला हवं,” असे स्पष्ट सांगण्यात कसलाही उद्धटपणा नाही. उलट, न पाळता येणारा शब्द देणे अधिक दुखावते. एकाच माणसावर भार न टाकता दोघा-तिघांनी तो वाटून घ्यावा.

चौथी मर्यादा उपचारांची. आपण मित्र आहोत, डॉक्टर नव्हे. स्वतःच्या झोपेच्या गोळ्या त्याला देऊ नयेत. “दोन घोट घे, झोप लागेल,” हा सल्ला मी दवाखान्यात अनेकांच्या तोंडून ऐकतो. दारूने झोप लवकर लागते, पण ती मोडते आणि पुढे सवय जडते.

त्रास महिन्याहून अधिक टिकला, कामधंदा सुटू लागला किंवा दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, तोही मराठीत. जीव देण्याचा विचार मनात येत असेल, तर महिनाभर थांबू नका. त्याच दिवशी मदत घ्या.

दरीत उतरणारा गडी आपला दोर आधी भक्कम जागी बांधतो, मगच दुसऱ्याला हात देतो. मनाच्या बाबतीतही तोच नियम पाळावा.