हिंजवडीत साडेसात, तोक्योत अकरा

पहाटे ५.३०
चहा उकळेपर्यंत फोनवर आन्की हे शब्दकार्डांचं ॲप उघडते. पडद्यावर जपानी शब्द येतो. उत्तर आधी मनात म्हणायचं, मग बघायचं आणि निकाल आपला आपणच द्यायचा: पुन्हा, अवघड, बरोबर, सोपं. आठवलेला शब्द काही दिवसांनी आणि मग काही आठवड्यांनी परत येतो. चुकलेला काही मिनिटांतच समोर उभा राहतो. आपण किती वेगाने विसरतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ च्या पुस्तकात चिठ्ठ्यांचे खण करून ते अभ्यासात आणलं. २००६ मध्ये आलेलं आन्की तेच काम करतं, फक्त खण दिसत नाहीत. नवे शब्द मोजकेच घ्यायचे, कारण आज घेतलेला प्रत्येक शब्द उद्या, परवा आणि पुढच्या आठवड्यात हजेरी लावणार असतो. रविवारच्या उत्साहाची वसुली गुरुवारी होते.

सकाळी ६.१५
कोथरूडहून कंपनीची बस. कानात जपानी संवाद चालू. बोलणाऱ्याच्या अर्धा शब्द मागे राहून तेच पुटपुटायचं. शेजारच्यांना आता सवय झाली आहे. चांदणी चौक येईपर्यंत क्रियापदांचं ते-रूप होतं. पहिल्या गटातलं क्रियापद उ, त्सु, रुने संपलं की त्ते. मु, बु, नुने संपलं की न्दे. कुचं इते, गुचं इदे, सुचं शिते. हे आम्ही वर्गात पाढ्यांसारखं घोकलंय, त्याच चालीत. ‘इकु’, म्हणजे जाणे, तेवढं नियम मोडून ‘इत्ते’ होतं. ते शेवटी जोराने म्हणायचं.

सकाळी ७.३०
मीटिंग. तोक्यो साडेतीन तास पुढे, तिथे अकरा वाजलेले. विषय बिलांचा, त्यामुळे ‘सेइक्यूशो’ हा शब्द मिनिटामिनिटाला येतो. त्यात तीन कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, आहेत. पहिल्या कांजीत डावीकडे ‘बोलणे’ आणि उजवीकडे ‘निळा’, दुसरी ‘मागणे’, तिसरी ‘लिहिणे’. माझी गोष्ट अशी: निळ्या शाईने लिहून पैसे मागणारा कागद, म्हणजे बिल. कागदावर ही गोष्ट उत्तम चालते. मीटिंगमध्ये ती आठवेपर्यंत समोरचे साहेब पुढच्या महिन्याच्या तारखेवर पोचलेले असतात.

तारखा हा तर वेगळाच ताप. चार तारीख ‘योक्का’, आठ तारीख ‘योओका’. कानाला फरक एवढासा, कामाला चार दिवसांचा. टीममध्ये दुभाषी आहे, तरी अशा वेळी मी आकडा चॅटमध्ये टाकून विचारून घेते. इथे कुठल्याही युक्तीपेक्षा विचारणं भरवशाचं.

सकाळी १०.३०
आता कागदपत्रं, आणि इथे कांजींची घराणी उपयोगी पडतात. तोच ‘निळा’ उजवीकडे ठेवायचा. डावीकडे पाणी आलं की स्वच्छ, सूर्य आला की निरभ्र, बोलणं आलं की विनंती. तिन्हींचा चिनी वळणाचा उच्चार एकच, सेइ. डावा भाग अर्थाची दिशा दाखवतो, उजवा उच्चाराची. अपवाद भरपूर आहेत, पण अनोळखी कांजीवर अंदाज बांधायला हे पुरतं. नित्य वापराच्या कांजींच्या सरकारी यादीत २०१० पासून २,१३६ कांजी आहेत. प्रत्येकीची वेगळी गोष्ट रचत बसलं तर नोकरी सोडावी लागेल.

दुपारी १.००
डबा. जपानीत वस्तूच्या आकाराप्रमाणे मोजणी बदलते. पोळ्या चपट्या, म्हणून इचिमाई, निमाई, सानमाई. केळी लांबट, म्हणून इप्पोन, निहोन, सानबोन. ताक पेल्यात, म्हणून इप्पाई, निहाई, सानबाई. “मोजून झालं असेल तर एक पोळी इकडे दे गं,” मैत्रीण म्हणते. पोळी मिळते, पण ‘इचिमाई’ म्हटल्यावरच.

संध्याकाळी ६.३०
डेक्कनजवळचा वर्ग. शेजारच्या खोलीत नवी मुलं आ, का, सा, ता, ना म्हणत आहेत. आमच्या सेन्सेई त्यांना आधी क, च, ट, त, प म्हणायला लावतात, आणि त्यामागे इतिहास आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर संस्कृतची वर्णमाला जपानला नेली आणि जपानी अक्षरांचा क्रम त्यावरून लागला. चच्या जागी स, पच्या जागी ह. म्हणून हच्या ओळीलाच खुणा करून ब आणि प लिहितात. जुन्या जपानीत तिथे पच होता. ज्याला मुळाक्षरं येतात, त्याला जपानी शब्दकोशात शब्द शोधायला फार शिकावं लागत नाही.

रात्री ९.३०
चौकटींची वही. जपानी भाषेच्या एन-३ परीक्षेत १८० पैकी ९५ गुण लागतात, शिवाय तिन्ही विभागांत किमान १९. सगळं पर्यायांतून निवडायचं, हाताने काहीच लिहायचं नाही. तरी मी लिहिते, कारण ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणे आणि ‘मोत्सु’ म्हणजे धरणे, या दोन कांजींचा उजवा भाग एकच आहे. डावीकडे चाल दाखवणारी खूण असेल तर वाट पाहणे, हात असेल तर धरणे. डोळा दोन्हींना एकच समजतो. हाताला मात्र रेघा काढाव्या लागतात, म्हणून तो फसत नाही.

झोपण्याआधी कार्डांची झाडणी. शब्द पहिल्यांदा भेटतो तेव्हा गोष्ट हवीच. तो तोंडात रुळला की तीच आड येते. म्हणून जो शब्द आज मीटिंगमध्ये विचार न करता कळला, त्याच्या कार्डावरची गोष्ट पुसायची आणि साहेबांचं वाक्य घालायचं, त्या शब्दाची जागा रिकामी ठेवून. आज निळ्या शाईचा नंबर लागला.