‘बॅन्डिट क्वीन’ मुलांना दाखवावा काय?



खऱ्या माणसाच्या जीवनावरचा चित्रपट म्हटला की आपण त्याला अभ्यासाचाच भाग समजतो. ‘खरी गोष्ट आहे, मुलांनी पाहिलीच पाहिजे,’ असे म्हणून मोकळे होतो. परंतु गोष्ट खरी असणे वेगळे आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ती पडद्यावर पेलणे वेगळे. फूलनदेवींच्या जीवनावरील ‘बॅन्डिट क्वीन’ या चित्रपटाच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही पालकांपुढे ठेवीत आहोत.

चित्रपट १९९४ चा, मग आजच का? पूर्वी ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट असला की टॉकीजच्या दारावरचा माणूस पोरांना परत पाठवीत असे. आज हदगाव शहरात काय आणि तालुक्यातल्या लहानशा तांड्यावर काय, टॉकीज मुलांच्या खिशात आहे. आई-बाप सकाळी मजुरीला गेले की दारावर कोणीच नसते. म्हणून निर्णय आता आपल्यालाच करावा लागतो.

आधी फूलनदेवी कोण, ते पाहू. १९६३ साली उत्तर प्रदेशातील जालौन जिल्ह्यात, गरीब मल्लाह कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न वयाने कितीतरी मोठ्या पुरुषाशी लावून दिले गेले. तिथून छळ, पळून येणे, गावाची हेटाळणी आणि पुढे दरोडेखोरांची टोळी. बेहमई गावात ठाकूर जातीच्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक अत्याचार केले, असे चित्रपट दाखवितो. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी त्याच बेहमईत वीस माणसे गोळ्या घालून मारली गेली. आपण स्वतः कोणाला मारले नाही, असे फूलनदेवी सांगत राहिल्या. १९८३ मध्ये त्यांनी शरणागती पत्करली.

माला सेन यांच्या पुस्तकावरून शेखर कपूर यांनी हा चित्रपट काढला. सीमा बिस्वास यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट कसदार आहे, यात शंका नाही. पण त्यात बलात्काराचे प्रसंग आहेत, भर गावात विवस्त्र केलेली स्त्री आहे, शिवीगाळ आहे, हत्याकांड आहे.

१९९६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने चित्रपटाचे प्रमाणपत्र रद्द केले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘ए’ प्रमाणपत्र कायम केले. ती दृश्ये वासना चाळवण्यासाठी नाहीत, त्या स्त्रीबद्दल कणव आणि अत्याचाऱ्यांबद्दल चीड यावी यासाठी आहेत, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. हे म्हणणे आम्हाला पटते. पण त्याला एक अट आहे. चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, समज असलेल्या माणसाने पाहिला पाहिजे.

मोबाईलवर मुले असा चित्रपट पाहत नाहीत. एक तुकडा मित्र पाठवितो, चार पोरे डोकी जुळवून तो पाहतात. मागची गोष्ट गेली, पुढची गेली, राहिली ती फक्त विवस्त्र बाई. ज्या स्त्रीचा गावाने एकदा तमाशा केला, तिचाच तमाशा पुन्हा आपल्या घरात होतो. आणि ज्या मुलीवर असा प्रसंग गुदरला असेल, तिने तो गप्प गिळला असेल, तिच्या जखमेवर ही दृश्ये मीठ चोळतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत हा चित्रपट मुलांना दाखवू नये, मुलगा असो वा मुलगी. परंतु फूलनदेवींची गोष्ट मात्र त्यांच्यापासून लपवू नये. चित्रपट बंद केला आणि तोंडही बंद ठेवले, तर मुले ती गोष्ट चोरून, अर्धवट शिकतील.

ही गोष्ट आई-वडिलांनी आपल्या शब्दांत सांगावी. बारा-तेराव्या वर्षी एवढेच सांगावे की अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न तेव्हाच्या कायद्यानेही गुन्हा होता. आज २००६ च्या कायद्याने मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस वय लागते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. हा प्रश्न दूरच्या चंबळचा नाही, आपल्या मराठवाड्याचाही आहे. कोणावर असा प्रसंग आला तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो, हेही सांगावे.

पंधरा-सोळाव्या वर्षी जात आणि बाईपण यांचा दुहेरी मार कसा बसतो ते बोलावे. बलात्कारात लाज करणाऱ्याची असते, सोसणारीची नव्हे, हे मुलग्यांना आवर्जून सांगावे. त्याच वेळी बेहमईत मेलेल्या वीस जणांच्या घरीही बायका-मुले होती, हेही सांगावे. सूड म्हणजे न्याय नव्हे.

आणि चित्रपट जिथे संपतो, तिथून पुढचे जरूर सांगावे. अकरा वर्षे खटल्याविना तुरुंगात काढून १९९४ मध्ये फूलनदेवी सुटल्या. आपल्या संमतीविना आपले आयुष्य असे दाखविले म्हणून त्यांनी या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. १९९५ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९९६ आणि १९९९ मध्ये मिर्झापूरमधून त्या लोकसभेवर निवडून गेल्या. २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत राहत्या घरासमोर त्यांची हत्या झाली. केवळ चित्रपट पाहणाऱ्याला फक्त डाकू राणी दिसते, मतपेटीतून संसदेत पोचलेली खासदार दिसत नाही.

राहिला मोबाईल. तो हिसकावून प्रश्न सुटत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे चित्रपट दाखविणाऱ्या ॲपवर वयाचा शिक्का आणि पालकांसाठी कुलूप असते. ते लावणे येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या भाच्या-पुतण्याकडून शिकून घ्यावे. महिन्यातून एक रविवार मात्र सर्वांनी मिळून एखादा चित्रपट पाहावा. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) आहेच. तो पाहताना मुले प्रश्न विचारतील. उत्तर येत नसेल तर ‘उद्या विचारून सांगतो’ म्हणावे, आणि खरोखरच सांगावे. अशा घरातले पोर अवघड गोष्टही चोरून पाहण्याआधी आई-वडिलांना विचारायला येईल.