रायटर मिळाला, पण पुस्तक?

दृष्टिहीन विद्यार्थी कॉलेजात शिकतो म्हटलं की बहुतेकांना आधी रायटर आठवतो. विद्यार्थी उत्तर सांगणार, रायटर लिहिणार. तो हवाच. पण पेपर सत्राच्या शेवटी असतो आणि अभ्यास पहिल्या दिवसापासून. मधल्या महिन्यांत पुस्तकच वाचता आलं नसेल, तर रायटरला सांगायचं काय? महाविद्यालयांतल्या दिव्यांग साहाय्य केंद्रांचं खरं काम याच महिन्यांत असतं, आणि आपल्याकडे त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

आज दृष्टिहीन मुलं ब्रेलइतकीच, किंबहुना जास्त, ऐकून वाचतात. संगणकावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातला ‘एनव्हीडीए’ फुकट मिळतो. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. तो मराठीही वाचतो. अडचण येते ती मजकुराची. सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या नोट्स म्हणजे बऱ्याचदा वहीच्या पानांचे फोटो. स्क्रीन रीडरला त्यात अक्षरं नसतातच, नुसतं चित्र असतं. टाइप केलेल्या नोट्स आल्या तरी त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये असू शकतात. डोळ्यांना तिथे शुद्ध मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. मुलाच्या कानावर पडते ती त्यांची अर्थहीन मालिका. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हा दुसरा अडथळा सहसा येत नाही. मराठीतून बीए करणाऱ्याला तो पावलोपावली येतो, आणि मला हे फार लागतं, कारण यावर उपाय आहे आणि तो महागही नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी ‘झेवियर्स रिसोर्स सेंटर’ आहे. अशा केंद्रात पुस्तक स्कॅन होतं, ओसीआरने चित्राची अक्षरं होतात आणि मग कुणीतरी बसून ती तपासतं. मराठीत हे तपासणं किचकट, कारण यंत्र रफार गाळतं आणि जोडाक्षरं फोडतं. त्यानंतर मथळ्यांना खुणा करायच्या, म्हणजे विद्यार्थ्याला थेट चौथ्या प्रकरणावर जाता येतं. पानांचे क्रमांक राखायचे, म्हणजे वर्गात ‘पान ८७ काढा’ म्हटल्यावर तोही ८७ वर असतो. अर्थशास्त्रातल्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखाला बोटांनी चाचपता येतील अशा उठावदार रेषा लागतात. एका पुस्तकामागे बरेच दिवस जातात. म्हणून संदर्भग्रंथांची यादी सत्र सुरू होण्याआधी केंद्राकडे पोचली, तरच पुस्तक वेळेत हाती पडतं. परीक्षेच्या तोंडावर मिळालेल्या पुस्तकाचा अभ्यास होत नाही.

असं रूपांतर करायला कायद्याची आडकाठी नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणायला प्रकाशकाच्या परवानगीची अट उरली नाही. याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. रूपांतरित पुस्तकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. एका कॉलेजाने तयार केलेलं पुस्तक दुसऱ्याने पुन्हा स्कॅन करत बसायची गरज नाही.

आता रायटर. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटं जादा दिली, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. रायटर परीक्षा घेणाऱ्यांनी दिला, तर दोन दिवस आधी त्याला भेटता यायला हवं, असं त्यांत होतं. विद्यार्थ्याने स्वतः आणला, तर तो विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा लागे. याच सूचनांत आणखी एक गोष्ट होती, जिची आठवण क्वचितच काढली जाते: विद्यार्थी संगणकावर स्वतः पेपर लिहू शकतो. स्वतःचं वाक्य स्वतः खोडून पुन्हा लिहिता येणं हे रायटरच्या मदतीने जमत नाही. पण त्यासाठी सवय हवी, आणि ती वर्षभर केंद्रातल्या संगणकावरच होणार. केंद्र नसेल तिथे ऐन परीक्षेच्या आठवड्यात मुलं अभ्यास सोडून रायटरसाठी फोन फिरवत बसतात.

हे फक्त दृष्टिहीनांपुरतं नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत; अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजारही त्यांत येतात. वरवर पाहून यातलं बरंचसं कळत नाही. लिहिताना हाताचे स्नायू आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत रायटर नाकारला गेला होता. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की रायटरसाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. टक्क्यांवर अडून बसणाऱ्या प्रत्येक परीक्षा विभागाने हा निकाल वाचायला हवा.

उच्च शिक्षणात ५ टक्के जागा याच २०१६ च्या कायद्याने राखीव झाल्या. जागा मिळालेल्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्याच दिवशी विचारायला हवं: वाचतोस कसं, परीक्षा कशी द्यायची आहे, कुठल्या मजल्यावर वर्ग हवा? ते उत्तर त्याच आठवड्यात त्याच्या प्राध्यापकांपर्यंत जावं. आणि प्राध्यापकांनी नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून फोटोऐवजी मूळ फाइलच पाठवावी. त्यासाठी कुठल्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.