परसातले पक्षी : लेखांक ७ – गिनीच्या पिल्लाचा पाय

मागच्या लेखात गिनी फाउलची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवण्याबद्दल लिहिलं होतं. २६ ते २८ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि पहिली तक्रार बहुतेक वेळा पायाचीच येते : एखादं पिल्लू उभंच राहत नाही, दोन्ही पाय दोन बाजूंना फाकून पोटावर बसून राहतं.

मूळ आफ्रिकेतला हा पक्षी पायांवर जगतो. धोका दिसला की उडण्याआधी धावतो आणि दिवसभर चालत चरतो. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी अशा जाती आपल्याकडच्या परसासाठी तयार केल्या, तरी पायांचा नाजूकपणा कायम आहे. म्हणून गिनीला, लहान असो की मोठी, पायाला धरून कधीही उचलू नये. ती इतक्या जोरात झटका देते की सांधा निखळतो किंवा हाड मोडतं. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखाली तळवा देऊन उचलावी. छाती मात्र आवळू नये. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली नाही तर तो गुदमरतो.

पाय फाकण्याचं कारण बहुतेकदा जमिनीत सापडतं. खोक्यात वर्तमानपत्र अंथरायची सवय आपल्याकडे फार आहे आणि माझ्या मते पिल्लांचे सगळ्यात जास्त पाय याच कागदाने बिघडवलेत. गुळगुळीत कागदावर ओल्या पिल्लाची नखं रुतत नाहीत, पाय घसरत राहतात आणि एक-दोन दिवसांत मांडीचे स्नायू तसेच ताणलेले राहतात. पहिला आठवडाभर खाली खडबडीत कापड घाला, नंतर भाताचं तूस. फाटकं गोणपाट नको. त्याचे दोरे पिल्लाच्या पायाला गुंडाळतात, पाय वाढतो तसे मांसात रुततात. लंगडणारं पिल्लू हातात घेतलं की आधी असा दोरा किंवा केस अडकलाय का ते चांगल्या उजेडात पाहावं.

फाकलेला पाय पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्षात आला तर बहुधा सुधारतो. औषधाच्या दुकानातली जखमेवरची चिकटपट्टी उभी कापून अरुंद करा. दोन्ही पायांना पंजाच्या जरा वर एकेक वेढा द्या आणि मधल्या पट्टीने ते जोडा. निरोगी पिल्लू उभं असताना पायांत जेवढं अंतर असतं तेवढंच ठेवा. पिल्लू सुरुवातीला कोलमडेल, पण कापडावर अर्ध्या दिवसात तोल सांभाळू लागतं. बोटं निळसर किंवा सुजलेली दिसली तर पट्टी घट्ट झाली. रोज पाहायचं, कारण पाय रोज वाढतो. तीन-चार दिवसांनी पट्टी काढताना खोबरेल तेलाचं बोट फिरवावं, म्हणजे कातडी ओढली जात नाही. या दिवसांत पाण्याच्या ताटलीत खडे टाकून ठेवा. उभं न राहू शकणारं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं.

सगळी लंगड अशी साधी नसते. आपण ज्याला कोंबडीचा गुडघा म्हणतो तो खरं तर तिचा घोटा. तो एकाच बाजूला सुजला असेल आणि खालचा पाय वळून बाहेर गेला असेल, तर शीर सरकल्याची शंका घ्यावी. दोन्ही पायांच्या सांध्यांमागे अंगठा फिरवून पाहा. चांगल्या पायात खाचेमधून जाणारी ताणलेली दोरी हाताला लागते, बिघडलेल्यात ती खाच सपाट लागते. हे काम पशुवैद्यकाचं, तेही त्याच दिवशी. उशीर झाला की बसवलेली शीर टिकत नाही. यामागे बऱ्याचदा खाद्यातलं मँगनीज आणि कोलीन कमी पडलेलं असतं. नुसत्या मक्याच्या भरड्यावर किंवा तांदळाच्या कणीवर वाढवलेल्या पिल्लांत हे होतं.

बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळली तर बी-२ जीवनसत्त्वाचा विचार करावा. हे जीवनसत्त्व उजेडात नासतं, म्हणून खाद्याचं पोतं उन्हात उघडं पडलं असेल तर महागडं खाद्यही अपुरं ठरतं. गिनीच्या पिल्लाला सुरुवातीला २४ ते २६ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त. बी-कॉम्प्लेक्सचं प्रमाण पशुवैद्यकाला विचारूनच द्या. नसा फार दिवस दुखावल्या असतील तर बोटं पूर्ण सरळ होत नाहीत, ही गोष्ट आधीच समजून घ्यावी.

हाड मोडलं असेल, जखमेतून ते दिसत असेल, तर घरचे प्रयोग नकोत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच नकोत. पिल्लाला ऊब देऊन झाकलेल्या खोक्यात सरळ दवाखान्यात न्या. पशुवैद्यकाने बांधलेली काडी साधारण तीन आठवडे राहते.

आजारी पिल्लू कळपात ठेवलं तर बाकीची त्याला टोचतात. पण एकटं ठेवलं तर ते सारखं ओरडतं, खाणं सोडतं. माझा आग्रह असा, की एकाच खोक्यात मध्ये जाळी लावावी आणि त्याच्या बाजूला एक शांत जोडीदार द्यावा. दिव्याखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश तापमान लागतं, पण लंगड्या पिल्लाला उकडलं तरी बाजूला सरकता येत नाही. दिवा खोक्याच्या एका टोकाला लावा, पिल्लाला मधोमध ठेवा, आणि पाणी-खाणं त्याच्या चोचीपाशी.

पुढच्या लेखात : रात्रीचा निवारा आणि मुंगूस.